परदेशी रेसिडेन्सी, ग्रांट आणि प्रदर्शन: चित्राचा फोटो काढण्यापासून ते चित्र परत घरी येईपर्यंत

१९६३ साली मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार भारतात आला होता. त्यानं वासुदेव गायतोंडेंची चित्रं पाहिली आणि न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीला पत्र लिहून त्यांच्याबद्दल भरभरून कळवलं. पुढच्याच वर्षी, १९६४ ला, गायतोंडे जॉन डी. रॉकफेलर थर्ड फंडाच्या फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. जन्म नागपूरचा, घराणं मूळचं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचं. पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच शहरात गुगनहाइम म्युझियमनं त्यांचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, भरवलं, ते बघायला ते स्वतः नव्हते, २००१ मध्येच गेले. ज्या फंडानं त्यांना पाठवलं तोच पुढं एशियन कल्चरल कौन्सिल झाला आणि ती संस्था आजही आशियातल्या कलाकारांना प्रवासासाठी, अभ्यासासाठी पैसे देते.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडं अजूनही परदेशी संधी म्हणलं की नशीब नाहीतर ओळख, असंच धरून चालतात. मी स्वतः प्रिंटमेकर आहे, म्हणजे ठसे कोरून त्यांवरनं चित्रं छापते, कोल्हापुरात राहते आणि गेली काही वर्षं रविवारी सकाळी माझ्या स्टुडिओत आठ-दहा पोरंपोरी लॅपटॉप घेऊन बसतात, आम्ही मिळून अर्ज भरतो. त्यातनं एक गोष्ट मला पक्की कळलीय की आपल्या पोरांचं काम कमी पडत नाही, कागद कमी पडतो. फोटो वाकडा, साईज चुकीची, स्टेटमेंट कुणाचंही असावं असं, शिफारस देणाऱ्या सरांनी मेलच उघडला नाही, पासपोर्टवरचं नाव वेगळं. हे सगळं शिकता येतं, म्हणून हा एवढा लांब लेख.

आधी ठरवा, नेमकं हवंय काय

रेसिडेन्सी, ग्रांट, प्रदर्शन आणि फेलोशिप या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच टोपलीत टाकतात. रेसिडेन्सीत तुम्हाला राहायला जागा, स्टुडिओ आणि वेळ मिळतो, कधी भत्ता मिळतो, कधी काहीच नाही, उलट तुम्हालाच भाडं भरावं लागतं. ग्रांट म्हणजे पैसे, तेही बऱ्याचदा घरी बसून काम करायला. प्रदर्शनात तुमचं काम जातं, तुम्ही जालच असं नाही. फेलोशिप किंवा स्कॉलरशिप बहुतेक वेळा अभ्यास, संशोधन, कोर्स यांच्याशी बांधलेली असते, चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० ला पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवरच.

आता तुमच्या घरची परिस्थिती बघा. लहान मूल आहे, आई आजारी आहे, शाळेत कलाशिक्षकाची नोकरी आहे आणि रजा मिळणार नाही, तर तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीमागं लागू नका, ग्रांट बघा. आमच्यातल्या एका शिक्षिकेनं दोन वर्षं फक्त रेसिडेन्सीचे अर्ज केले आणि एक मिळाली तेव्हा शाळेनं सोडलं नाही. तिनं त्याच कष्टात ग्रांट मागायला हवी होती असं मला आजही वाटतं.

चित्रांचा फोटो आणि चित्रांची वही

ज्युरी तुमचं चित्र बघत नाही, फोटो बघते, तोही पटकन, आणि त्यांच्यासमोर शेकडो असतात. त्यामुळं यावर एक पूर्ण रविवार घालवा.

भारीचा कॅमेरा लागत नाही, अलीकडचा बरा मोबाईल चालतो, पण ट्रायपॉड लागतोच. चित्र सावलीतल्या भिंतीवर सरळ टांगा. आम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या मागची भिंत वापरतो, सकाळी दहाच्या सुमाराला तिथं थेट ऊन नसतं पण उजेड भरपूर असतो. चित्राच्या मधोमध जितकी उंची तितक्याच उंचीवर मोबाईल ठेवायचा, जवळ जाऊन काढायचं नाही, मागं सरकून दुप्पट झूम करायचा, नाहीतर कॅनव्हासच्या कडा फुगल्यासारख्या दिसतात. चित्राशेजारी एक पांढरा कोरा कागद चिकटवायचा, नंतर एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवायचा, म्हणजे पिवळट झाक जाते. फोटो सुंदर दिसावा म्हणून मोबाईल आपोआप जे काय करतो ते सगळं बंद. काचेच्या फ्रेममधलं चित्र असेल तर फ्रेम उघडा, आळस करू नका, काचेत तुमचीच सावली दिसते. शेवटी फ्रेम, भिंत, खिळा सगळं क्रॉप करून फक्त चित्र ठेवा. त्याशिवाय एक-दोन अगदी जवळचे डिटेल घ्या, ब्रशचा फटका, कागदाचा पोत, वुडकटमधली, म्हणजे लाकडी ठशावरनं छापलेल्या चित्रातली, लाकडाची रेष. एक फोटो चित्र खोलीत टांगलेलं दिसेल असाही हवा, त्यावरनं आकार कळतो.

मग वही. मी खरोखरची लांब वही वापरते, तुम्ही एक्सेल वापरा. नाव, वर्ष, माध्यम, आकार, एडिशन किती (म्हणजे एका ठशाच्या किती प्रती छापल्या), कुठं दाखवलं, आता कुणाकडं आहे, किंमत. आकार सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. आपल्याकडं इंचात आणि कित्येकदा रुंदी आधी लिहायची सवय असते, त्यामुळं उभं चित्र कागदावर आडवं होतं आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. फाईलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा, क्रमांक, आडनाव, चित्राचं नाव, वर्ष अशा क्रमानं, देवनागरीतली फाईलनावं काही पोर्टलवर अपलोडच होत नाहीत किंवा चौकोन-चौकोन दिसतात. चित्राचं नाव मराठी असेल तर ते बदलू नका. 'सुगी' हे 'सुगी'च राहू द्या, कॅप्शनमध्ये शेजारी अर्थ द्या.

स्टेटमेंट आधी मराठीत लिहा

इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त अर्ज इथं पडतात.

कागल तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडं आली, जी.डी. आर्ट हा कलेचा डिप्लोमा झालेली, वुडकट करते. तिचं स्टेटमेंट इंग्रजीत होतं आणि त्याचा मराठीत अर्थ साधारण असा की माझी चित्रं म्हणजे निसर्ग आणि मानवी भावनांचा संगम आहे. असं वाक्य कुणीही लिहू शकतं. मी तिच्या प्रिंटवरच्या काळ्या रंगावर बोट ठेवून विचारलं, हा काळा असा तपकिरी का दिसतो गं? ती म्हणाली, बाजारची शाई नाहीये ती, आमचं गुऱ्हाळ आहे, चुलवाणाच्या तोंडाशी काजळी धरते, ती मी खरवडून आणते आणि जवसाच्या तेलात घोटते. मग म्हणाली, वडील आता गुऱ्हाळ बंद करणार आहेत, ऊस कारखान्याला घालायचा म्हणतात, त्यामुळं पुढच्या वर्षी काजळी मिळणार नाही, मी डब्यात भरून ठेवलीय.

बास, हेच स्टेटमेंट. तिनं ते मराठीत जसं सांगितलं तसंच लिहून काढलं, दहा ओळी, मग इंग्रजी केलं. त्यात प्रश्नही आपोआप आला की काजळी संपल्यावर काळा रंग कुठनं आणायचा, आणि प्रपोजलही त्यातच होतं, की जिथं वेगवेगळ्या काजळीपासनं शाई बनवायची परंपरा आहे तिथं जाऊन ते शिकायचंय. जपानमध्ये सुमी शाई पाइनच्या लाकडाच्या किंवा तेलाच्या काजळीपासनंच करतात.

तर लिहिताना एवढं बघा. तुम्ही काय वापरता, ते कुठनं येतं, हातानं त्याचं काय करता, आणि सध्या कुठं अडलाय. थोर शब्द टाळा. 'अस्मिता', 'वैश्विक', 'आध्यात्मिक ऊर्जा' असलं काही आलं की थांबून स्वतःला विचारा, हे माझ्या कुठल्या चित्रात दिसतंय? दिसत नसेल तर काढा. इंग्रजी करायला भाषांतराचं ॲप वापरलंत तरी हरकत नाही, पण नंतर इंग्रजी बरं असणाऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही ऐका, जिथं ते अडखळतील ते वाक्य तोडा. चुलवाण (गुऱ्हाळाची चूल), काहील (रस आटवायची मोठी कढई) असे शब्द तसेच ठेवून एका ओळीत अर्थ सांगितला तर चालतं, उलट लक्षात राहतं.

आणि इंग्रजीची फारच भीती वाटत असेल तर सुरुवात देशातनं करा. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था भारतीय भाषांमधलेही प्रपोजल घेते. मराठीत लिहून प्रपोजल, टप्पे, बजेट हे सगळं एकदा करून बघितलं की पुढच्या परदेशी अर्जाचा अर्धा धाक जातो.

कुठं अर्ज करायचा

सगळ्या जगाची यादी देत बसत नाही, ज्या मला उपयोगी वाटतात तेवढ्याच सांगते. तारखा आणि वयाच्या अटी बदलत राहतात, त्या प्रत्येकाच्या साईटवर त्या-त्या वर्षी वाचायच्याच.

महाराष्ट्रातल्या पोरांसाठी मला पहिली आठवते ती कॅनडातली एलिझाबेथ ग्रीनशिल्ड्स फाउंडेशन, मॉन्ट्रियलची, १९५५ पासूनची. आपल्या कला महाविद्यालयांत पोर्ट्रेट, लँडस्केप, फिगर यांचा हात चांगला बसतो, पण बऱ्याच समकालीन रेसिडेन्सी त्या कामाकडं फारशा बघत नाहीत, आणि मग त्या पोरांना वाटतं आपलं काम जुनाट आहे. ही संस्था मुद्दाम अशाच, म्हणजे ओळखू येणारं दृश्य किंवा आकृती असणाऱ्या कामाला पैसे देते, ॲब्स्ट्रॅक्टला नाही. पेंटिंग, ड्रॉइंग, प्रिंट, शिल्प चालतं. शिकणाऱ्यांना आणि नुकतीच सुरुवात केलेल्यांना देते, अर्जाला फी नाही. सांगली-साताऱ्याकडं उत्तम जलरंग करणारी कितीतरी मुलं आहेत, त्यांना याचा पत्ताच नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोडी वर्षं काम केलेल्यांसाठी न्यूयॉर्कची पोलॉक-क्रास्नर फाउंडेशन. चित्रकार ली क्रास्नर यांनी मागं ठेवलेल्या संपत्तीतनं ती १९८५ मध्ये उभी राहिली, जॅक्सन पोलॉक हे त्यांचे पती. चित्रकार, शिल्पकार, प्रिंटमेकर, जगातल्या कुठल्याही देशातले चालतात, फी नाही, रक्कम ५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते. पण ते दोन गोष्टी बघतात, कामाची गुणवत्ता आणि खरी आर्थिक गरज, आणि प्रदर्शनांचा व्यवस्थित रेकॉर्ड मागतात, विद्यार्थ्यांना देत नाहीत. गरज लिहिताना लाजू नका आणि रडूही नका. उत्पन्न किती, भाडं किती, औषधाला किती, या पैशातनं वर्षभर काय करणार, सरळ आकड्यांत लिहा. आपल्याकडं मोठी माणसंसुद्धा इथं मोघम लिहितात, कारण घरची अडचण परक्याला सांगायची नाही हे अंगात भिनलेलं असतं. इथं ती सांगायचीच असते.

ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, कला आणि वारसा जतन या क्षेत्रातल्या भारतीयांसाठीच आहे. तरुण असाल तर इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनचा फाईन आर्ट अवॉर्ड बघा. स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया, तिचं ऑफिस दिल्लीत आहे आणि ती इथल्या कलाकारांना तिकडं आणि तिकडच्यांना इकडं पाठवते. फ्रान्सचं व्हिला स्वागतम हे रेसिडेन्सींचं जाळं आहे, जर्मनीचं गटे इन्स्टिट्यूट म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, मुंबई-पुण्यात दोन्हीकडं आहे, तिथल्या लायब्ररीत नुसतं जाऊन बसलात तरी बरंच कळतं. दिल्लीत खोज ही कलाकारांची संस्था आहे, १९९७ पासूनची, परदेशी आणि भारतीय कलाकार एकत्र राहून काम करतात, म्हणजे पासपोर्ट नसतानाही परदेशी देवाणघेवाण काय असते ते अनुभवता येतं. सरकारी म्हणाल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर आणि सीनिअर फेलोशिप आणि ललित कला अकादमीची स्कॉलरशिप, यांच्यामुळं सीव्हीला वजन येतं.

प्रिंटमेकरांना एक जास्तीचा फायदा आहे, काम कागदावर असतं, हलकं असतं, एडिशन असते. पोलंडमध्ये क्राकोला १९६६ मध्ये द्वैवार्षिक म्हणून सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय प्रिंट प्रदर्शन आता त्रैवार्षिक आहे, पूर्व युरोप आणि पूर्व आशियात अशी बरीच आहेत. रेसिडेन्सी शोधायला रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन साईट महिन्यातनं एकदा उघडायच्या, बास, रोज उघडून मन खराब करून घ्यायचं नाही.

निवड झाली म्हणून पैसे मागतायत?

दर महिन्याला कुणीतरी मला मेसेज दाखवतं, तुमची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी निवड झाली आहे, दुबई, बँकॉक, पॅरिस, अमुक तारखेपर्यंत इतके भरा, ट्रॉफी, सर्टिफिकेट आणि कॅटलॉग मिळेल. अर्ज केलेला नसताना निवड कशी होते? हे भिंतीचं भाडं आहे. घरचं सोनं गहाण ठेवून गेलेली माणसं मी पाहिलीत, चित्र हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस लागलं आणि बघायला बाकीचे पैसे भरणारेच होते.

अर्जाची थोडी फी असणं वेगळं, अमेरिकेत ती पद्धतच आहे. निवड झाल्यावर मोठी रक्कम मागणं हे मात्र वेगळं. तपासायचं कसं, तर क्युरेटर कोण आणि त्यानं आधी काय केलं ते शोधा, मागच्या वर्षीच्या एखाद्या कलाकाराला शोधून थेट मेसेज करून विचारा, तिथं खर्च कुणी केला आणि चित्र परत आलं का. खरी संस्था असेल तर तो कलाकार दोन ओळी तरी लिहितोच. स्वतःच्या खर्चानं परदेशात प्रदर्शन करायचं असेल तर जरूर करा, त्यात गैर काही नाही, फक्त सीव्हीत ते निवड म्हणून लिहू नका आणि कर्ज काढून करू नका.

प्रपोजल आणि बजेट

प्रपोजलमध्ये तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय करणार, तिथंच का, आणि आठवड्यागणिक कसं. 'तिथंच का' हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथली संस्कृती अनुभवायची आहे, हे उत्तर नाही. तिथं लिथोचा, म्हणजे दगडावरनं छपाईचा, जुना प्रेस आहे आणि माझ्या जिल्ह्यात एकही चालू नाही, हे उत्तर आहे.

बजेटमध्ये आपली माणसं कमी मागतात, भिडेपोटी. विमान आणि राहणं लिहितात आणि बाकीचं विसरतात. व्हिसा फी, बायोमेट्रिक्ससाठी, म्हणजे बोटांचे ठसे द्यायला, मुंबई किंवा पुण्याची एक फेरी आणि एक मुक्काम, ट्रॅव्हल इन्शुरन्स, तिथला बस-रेल्वे पास, जास्तीचं लगेज, मटेरियल, येताना काम परत आणण्याचा खर्च, परकीय चलन बदलताना जाणारे पैसे, आणि तुमचं मानधन. मानधनाची ओळ असते, ती रिकामी ठेवू नका. तुम्ही तीन महिने घरी नसाल तर घराला जे पैसे मिळणार नाहीत तेच ते आहेत. एकूण रक्कम त्या देशाच्या चलनात आणि शेजारी रुपयांत, ज्या दिवशीचा दर धरला ती तारीख खाली लिहायची.

शिफारसपत्रं

वर ग्रेव्हजच्या पत्राची गोष्ट सांगितली ती यासाठीही. ते पत्र लिहिणाऱ्यानं समोर उभं राहून चित्रं बघितली होती. तुमची शिफारस कुणी मोठ्या पदावरच्या माणसानं केली पण त्याला तुमची तीन चित्रंही आठवत नसतील, तर पत्र कोरडंच होतं आणि वाचणाऱ्याला ते कळतं. त्यापेक्षा कॉलेजात तुम्हाला ॲसिडमध्ये प्लेट कशी बुडवायची ते शिकवणाऱ्या मॅडम लिहू देत.

महिना-दीड महिना आधी सांगा. नुसतं 'सर, लेटर पाहिजे' नको, त्यांना तुमचं प्रपोजल, सीव्ही आणि तुमच्या कामाबद्दल त्यांनी बघितलेल्या चार गोष्टींची आठवण लिहून पाठवा. हल्ली पोर्टल थेट त्यांच्या मेलवर लिंक पाठवतं, ती स्पॅममध्ये जाते, सर मेल बघत नाहीत. त्यामुळं त्याच दिवशी फोन करायचा, जमलं तर घरी जायचं आणि शेजारी बसून अपलोड करून घ्यायचं. हे दहा वेळा केलंय मी, कुणी सर आजवर रागावले नाहीत.

डेडलाईनचं गणित करून ठेवा. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. युरोपातली बऱ्याच ठिकाणची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटे साडेतीन किंवा साडेचार. पण तुम्ही तीन दिवस आधीच पाठवा, गावाकडं लाईट जाते, रेंज जाते, आणि शेवटच्या रात्री पोर्टलही अडकतं.

निवड झाल्यावरचे कागद

पहिलं नाव. पासपोर्ट, पॅन, बँक खातं आणि अर्ज, चारही ठिकाणी एकच नाव हवं. आपल्याकडं कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर बदललेलं एकीकडं आणि चित्रावरची सही तिसरीच. पैसे खात्यावर येताना अडकतात ते इथं. निवडीची वाट न बघता हे आजच दुरुस्त करा.

दुसरं पैसे. ग्रांट व्यक्तीच्या नावानं येतेय की संस्थेच्या, हे नीट बघा. परदेशातनं संस्थेच्या किंवा ट्रस्टच्या नावानं देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं, त्यामुळं 'आमच्या मंडळाच्या खात्यावर घेऊया' असं परस्पर करू नका. स्कॉलरशिप, स्टायपेंड आणि तशा स्वरूपाच्या पैशाला त्या कायद्यात सूट आहे, पण तुमचं पत्र त्यात बसतं का हे सीएला दाखवा, पैसे येण्याआधी, नंतर नाही. अमेरिकेतली संस्था असेल तर डब्ल्यू-एट-बेन नावाचा फॉर्म भरून घेते, घाबरू नका, तुम्ही तिथले करदाते नाही एवढं सांगणारा तो कागद आहे. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, विचारेल, तेव्हा ग्रांटचं पत्र हातात असू द्या.

तिसरं व्हिसा. संस्थेच्या निमंत्रणपत्रात तारखा, राहण्याचा पत्ता आणि कुठला खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं, मोघम असेल तर नम्रपणे परत लिहून मागा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक, छोट्या मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. ९० दिवसांपेक्षा एक दिवसही जास्त असेल तर वेगळा व्हिसा, त्याला वेळ लागतो.

चित्र पाठवणं

माझे दोन कॅनव्हास एकदा युरोपात एका ग्रुप शोला गेले. जाताना कुरिअरच्या माणसानं सांगितलं तसं सगळं भरलं, प्रदर्शनासाठी जातंय आणि परत येणार आहे असं कुठंच लिहिलं नाही. परत आले तेव्हा ती नवीन आयात धरली गेली, ड्युटी मागितली, ही माझीच चित्रं इथनंच गेली होती हे दाखवायला माझ्याकडं फोटो लावलेली यादी नव्हती. दीड महिना ते रोल गोदामात पडून राहिले, ऐन जुलैत. उघडले तेव्हा एकाच्या मागच्या बाजूला बुरशीची पांढरी जाळी होती, कापसाच्या बोळ्यानं आठवडाभर साफ करत बसले, तरी एका कोपऱ्यातला डाग आजही आहे.

म्हणून आता जाताना इन्व्हॉइसवर मोठ्या अक्षरांत लिहायचं की प्रदर्शनासाठी तात्पुरतं, विक्रीसाठी नाही, परत येणार. प्रत्येक चित्राचा छोटा फोटो, माप, वर्ष आणि खरी किंमत. कस्टम्सचा कोड लिहिताना पेंटिंग-ड्रॉइंगला ९७०१, मूळ प्रिंटला ९७०२, शिल्पाला ९७०३. जातानाच्या शिपिंग बिलाची, म्हणजे कस्टम्सकडच्या निर्यातीच्या कागदाची, प्रत जपून ठेवायची, परत येताना ड्युटी वाचते ती त्यावरच. काम जास्त असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे ड्युटी न भरता वस्तू तात्पुरती नेऊन परत आणायचा कागद, काढता येतं, भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते, एक वर्ष चालतं, पण त्यावर गेलेलं काम तिथं विकायचं नसतं. १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना बाहेर नेण्याची बंदी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात आहे, त्यामुळं कधी कधी कस्टम्स आजच्या चित्रालाही 'हे जुनं नाही' असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट मागतं. त्यांचं मुंबईचं ऑफिस सायनच्या किल्ल्यात आहे, जायच्या आठवड्यात नको, महिनाभर आधी चौकशी करा.

पॅकिंग स्वतः करा. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर, आत नाही, आत केली की रंग दाबला जाऊन सुरकुततो. पाईप जितका जाड तितका बरा, सहा-आठ इंचांच्या आतला नकोच. मधे ग्लासीन किंवा चांगला बटर पेपर, वर्तमानपत्र कधीच नाही, त्याची शाई उतरते. बबल रॅपचे फुगे चित्राकडं नकोत, बाहेरच्या बाजूला, उन्हात तापलं तर ओल्या तैलरंगावर गोल-गोल ठसे उठतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका. लाकडी खोका असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलंय असा, नाहीतर तिकडच्या बंदरातच अडवतात. प्रिंट सपाट पाठवायच्या, दोन कडक बोर्डांच्या मधे, कोपऱ्यांना कागदी खिसे करून, चिकटपट्टी कागदाला लावायची नाही.

गेल्यावर आणि आल्यावर

देवाणघेवाण म्हणजे काय हे मला विचाराल तर मी जिव्या सोमा मशेंचं नाव घेईन. डहाणूकडचे वारली चित्रकार, १९८९ ला पॅरिसच्या 'माजिसियाँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात होते, जपानच्या तोकामाचीतल्या मिथिला म्युझियममध्ये राहून त्यांनी काम केलं, आणि २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँगच्या शेजारी त्यांची चित्रं लागली. त्यासाठी त्यांनी आपली रेघ बदलली नाही, शेणामातीच्या रंगाची पार्श्वभूमी आणि पांढरी रेघ तीच राहिली.

तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात काही भव्य करायला जाऊ नका. बाजारात जा, तिथला कागद हातात घेऊन बघा, पाणी कसं आहे ते बघा, जड पाण्यात आपले जलरंग वेगळे बसतात. ओपन स्टुडिओच्या दिवशी लोक येतील, तेव्हा तुमचं हत्यार त्यांच्या हातात द्या. कागलच्या त्या मुलीनं जाताना काजळीचा डबा आणि छोटी खलबत्ता-जोडी नेली होती, विमानतळावर काळ्या भुकटीबद्दल प्रश्न विचारतील म्हणून संस्थेचं पत्र डब्यालाच रबरबँडनं बांधलं होतं. तिथं तिनं लोकांना शाई घोटायला बसवलं. निम्म्या लोकांना इंग्रजीही येत नव्हतं आणि तिलाही फार नाही, तरी दुपारभर कुणी उठलं नाही.

परत आल्यावर महिन्याच्या आत रिपोर्ट, फोटो आणि खर्चाच्या पावत्या पाठवा, मागितल्या नसल्या तरी. शिफारस देणाऱ्यांना फोन. वहीत नोंद. आणि आमच्या गटात एक ठरलेलं आहे की जो जाऊन येतो त्यानं दोन जणांचे अर्ज भरून द्यायचे, आणि जाड पीव्हीसीचा एक पाईप आहे, दोन्ही तोंडांना टोपणं असलेला, तो पुढच्याकडं द्यायचा. त्यावर आतापर्यंतच्या विमानांची स्टिकरं तशीच आहेत, काढत नाही आम्ही. सध्या तो इचलकरंजीत आहे, एका मुलाचे चार जलरंग मार्चमध्ये जायचेत आणि त्याचा पासपोर्ट अजून यायचाय.